नजर परत मिळवताना : दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतल्या कॅमेरा-रोबोटची पार्श्वभूमी

पोट उघडून शस्त्रक्रिया करताना कुठे पाहायचं हे सर्जनला कोणाला सांगावं लागत नाही. मान वळवली की झालं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत, म्हणजे पोटावरच्या छोट्या छिद्रांतून दुर्बीण आणि अवजारं आत घालून केलेल्या शस्त्रक्रियेत, हात त्याचे असतात, नजर मात्र दुसऱ्याच्या हाती जाते. कॅमेरा धरणाऱ्या रोबोटचा इतिहास म्हणजे ही गेलेली नजर परत मिळवण्याची धडपड आहे, असं मी मानतो.

सुरुवातीला ही अडचण नव्हती. गेओर्ग केलिंग यांनी १९०१ मध्ये कुत्र्याच्या पोटात हवा भरून दुर्बिणीने आत पाहिलं, तर स्टॉकहोमच्या हान्स ख्रिश्चन याकोबेउस यांनी १९१० मध्ये माणसांवरचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यानंतर कित्येक दशकं डॉक्टर स्वतःच नळीला डोळा लावून बघत. बाकीच्यांना काही दिसत नसे आणि डॉक्टरचा एक हात दुर्बिणीतच अडकलेला असे. कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, एरिश म्यूहे यांनी १९८५ मध्ये पित्ताशय. याच दशकात चिपचा छोटा कॅमेरा दुर्बिणीला जोडला गेला आणि पोटातलं चित्र पडद्यावर आलं. सर्जनचे दोन्ही हात मोकळे झाले. दुर्बीण गेली सहायकाकडे, म्हणजे बहुतेक वेळा खोलीतल्या सगळ्यात कनिष्ठ डॉक्टरकडे.

हे काम बाहेरून सोपं दिसतं, पण तसं ते नाही. पोटावरचं छिद्र हा टेकू, त्यामुळे दांडा डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं. भिंग ३० अंशांनी तिरकं असेल तर एका हाताने कॅमेरा सरळ धरायचा, नाहीतर क्षितिजच कलतं, आणि दुसऱ्या हाताने प्रकाशाची केबल फिरवून पाहण्याची दिशा बदलायची. तासाभराने खांदा भरून येतो. हाताचा बारीकसा कंप पडद्यावर कितीतरी मोठा दिसतो. अशा वेळी सर्जनच्या 'थोडं वर, नाही, मागे घे' या सूचना वैतागातून आलेल्या नसतात; त्याला खरोखरच दिसत नसतं.

आधी साधे यांत्रिक धारक आले. ते दुर्बीण घट्ट धरून ठेवत, पण हलवायची झाली की हात लावून खीळ सैल करावी लागे. खरी उडी मारली कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर मोशन या कंपनीने. युलुन वांग यांच्या या कंपनीच्या 'एसॉप' या यंत्रहाताला १९९४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. ऑपरेशन टेबलाच्या कडेच्या पट्टीला तो बसवत. आधी तो हाताच्या बटणांनी आणि पायाच्या पेडलने चाले, पुढच्या आवृत्तीत आवाजाने. सर्जनचा आवाज आधी नोंदवून घेत आणि मग यंत्र त्याचे ठरावीक शब्द ओळखे. अमेरिकी सर्जन लुई कावूसी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये कॅमेरा धरण्यात माणूस आणि रोबोट यांची तुलना केली. रोबोटचं चित्र जास्त स्थिर होतं आणि नको असलेल्या हालचाली कमी होत्या, पण शस्त्रक्रियेला लागणारा वेळ मात्र जवळपास तेवढाच राहिला. माझ्या मते या तंत्राचं पुढचं सगळं भवितव्य त्या निष्कर्षात होतं. फायदा खरा होता, पण रुग्णालयाच्या हिशेबात सहज दाखवता येईल असा नव्हता.

यंत्राला हुकूम कशाने द्यायचा, हा प्रश्न त्यानंतर प्रत्येकाने आपापल्या परीने सोडवला. ब्रिटनच्या 'एंडोअसिस्ट'मध्ये सर्जन डोक्याला इन्फ्रारेड पट्टी बांधे आणि मान हलवून दिशा दाखवे. पायाखालचं पेडल दाबलेलं असेल तरच कॅमेरा हले, एरवी मान कितीही हलली तरी चित्र जागचं हलत नसे. ही छोटी खबरदारी मला फार शहाणपणाची वाटते. तिचाच आटोपशीर वारस म्हणजे 'फ्रीहँड'. ग्रेनोबलमध्ये घडलेलं 'विकी' तर एका कड्याच्या रूपात थेट रुग्णाच्या पोटावरच बसतं. जर्मनीच्या 'सोलोअसिस्ट'ला जॉयस्टिक आहे.

दरम्यान २००० मध्ये 'दा विंची' या अवजारंही धरणाऱ्या शस्त्रक्रिया-रोबोटला अमेरिकेत सर्वसाधारण दुर्बीण शस्त्रक्रियांसाठी परवानगी मिळाली. तिथे सर्जन पेडल दाबतो आणि ज्या हातांनी अवजारं चालवत होता त्यांनीच कॅमेरा फिरवतो. नजर पूर्णपणे परत मिळाली, पण त्यासाठी अख्खी शस्त्रक्रियाच रोबोटवर न्यावी लागली. २००३ मध्ये 'दा विंची' बनवणाऱ्या इंट्यूटिव्ह सर्जिकलने कॉम्प्युटर मोशन आपल्यात विलीन करून घेतली आणि पुढे एसॉप बाजारातून गेला. २०१७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या 'सेनहान्स' या अशाच शस्त्रक्रिया-रोबोटने डोळ्यांच्या हालचालीवरून कॅमेरा चालवण्याची सोय आणली.

कॅमेऱ्याने आपणहून अवजारामागे जावं, हा विचारही जुनाच. १९९० च्या दशकात जर्मन संशोधकांनी अवजाराच्या टोकावर रंगीत खूण करून ती कॅमेऱ्याला ओळखायला लावली होती. पण अवजाराचं टोक आणि सर्जनचं लक्ष नेहमी एकाच जागी नसतात. टाका घालताना त्याला जवळून पाहायचं असतं, रक्तस्राव झाला की लगेच मागे येऊन सगळा भाग. चांगला सहायक हे न सांगता ओळखतो. प्रत्येक हालचालीमागे धावणारं चित्र मात्र पाहणाऱ्याला गरगरवतं. आणि भिंगावर वाफ धरली किंवा रक्ताचा थेंब उडाला, की अजूनही कोणीतरी दुर्बीण बाहेर काढून, पुसून पुन्हा आत घालतं.