फ्लोचे दोन रिपोर्ट: निदानाचा वेगळा, एमआरडीचा वेगळा

एएलएल (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) झालेल्या मुलाच्या फाइलमध्ये महिनाभराच्या अंतराने फ्लो सायटोमेट्रीचे, म्हणजे पेशी एकेक करून तपासणाऱ्या यंत्राचे, दोन रिपोर्ट लागतात. दोन्हींत सीडी१९, सीडी१०, सीडी३४ हीच पेशींच्या खुणांची (प्रथिनांची) नावं आणि पुढे टक्के. मग पहिल्यातले ८८ टक्के वाचून आईवडील हादरतात, दुसऱ्यातले ०.०५ टक्के वाचून निर्धास्त होतात. खरी काळजी या दुसऱ्या आकड्याची करायची असते.

पहिला रिपोर्ट पेशींची जात सांगतो. पेशीवर सीडी१९, आत सीडी७९ए आणि बहुधा सीडी१० असेल तर बी-एएलएल, म्हणजे बी या पांढऱ्या पेशींचा. मुलांमध्ये १०० पैकी साधारण ८५ वेळा हीच. पेशीच्या आत सीडी३ आणि वर सीडी७ असेल तर टी-एएलएल, म्हणजे टी पेशींचा. ब्लास्ट, म्हणजे कॅन्सरच्या कोवळ्या पेशी, ६० टक्के आहेत की ९५, यावर मुलाचं पुढचं ठरत नाही. या टप्प्यावर ते ठरतं वयावर, सुरुवातीच्या पांढऱ्या पेशी ५०,००० च्या खाली आहेत की वर यावर आणि गुणसूत्रांच्या तपासणीवर. एक अपवाद लक्षात ठेवावा: वर्षाच्या आतलं बाळ असेल आणि सीडी१० नसेल, तर केएमटी२ए जनुकातला बदल शोधायलाच हवा. तो गट अवघड असतो.

निदानाआधीच ताप किंवा पायदुखीवर स्टेरॉइड दिलं गेलं, तर ब्लास्ट कमी होऊन हा रिपोर्ट चकवतो. म्हणून शंका असेल तर आधी तपासणी, मग स्टेरॉइड.

दुसरा रिपोर्ट एमआरडीचा, म्हणजे उपचारानंतर उरलेल्या आजाराच्या मोजणीचा. ती साधारण २९ ते ३३ व्या दिवशी, इंडक्शन (उपचाराचा पहिला टप्पा) संपताना करतात. औषधाला आजाराने किती दाद दिली, हे इथे कळतं. ०.०१ टक्का, म्हणजे १०,००० पेशींत एक, ही नेहमीची सीमा. ०.०५ टक्के म्हणजे तिच्या पाचपट, आणि त्यावर बहुधा उपचार वाढवावे लागतात.

इथे चुका सहज होतात. यंत्राने १ लाखच पेशी मोजल्या, तर ०.०१ टक्का म्हणजे जेमतेम १० पेशी. त्यावर 'निगेटिव्ह' म्हणणं धाडसाचं. किमान ५ लाख मोजलेल्या बऱ्या. मॅरोचे (अस्थिमज्जेचे) पहिले २ मिली एमआरडीलाच द्यावेत, नंतर ओढलेल्यात रक्त मिसळतं आणि आकडा खोटाच कमी येतो. शिवाय सावरणाऱ्या मॅरोतल्या निरोगी कोवळ्या बी पेशींवरही सीडी१९ आणि सीडी१० असतात. त्यांना आजार समजू नये, म्हणून पहिल्या रिपोर्टची प्रत नमुन्यासोबत जायलाच हवी. स्टेरॉइडने सीडी१० आणि सीडी३४ फिके पडतात, तेव्हा ही पडताळणी फारच लागते.

नाशिकहून मुंबईला नमुना पाठवताना ईडीटीएची (रक्त साकळू न देणाऱ्या द्रव्याची) ट्यूब बर्फाला चिकटवू नये, गोठवू तर मुळीच नये. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या गाडीतही ठेवू नये. कसारा घाटातला खोळंबा धरूनही तो २४ तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. शनिवारी संध्याकाळी मॅरो काढायची असेल, तर रविवारी नमुना कोण घेणार ते आधी फोन करून विचारावं.

ब्लिनाटुमोमॅब दिलेलं असेल तर फॉर्मवर ठळक लिहावं. हे औषध सीडी१९ लाच धरतं, त्यामुळे उरलेल्या पेशी सीडी१९ शिवाय असू शकतात आणि त्या सीडी२२ व सीडी२४ वरून शोधाव्या लागतात.