पार्श्वभूमी : पुण्याच्या रंगमंचावरचा एकटा माणूस

एकटेपणाची, जगण्याचा अर्थ शोधणारी नाटकं पुण्यात युरोपातल्या 'अ‍ॅब्सर्ड', म्हणजे जगण्यातली निरर्थकता दाखवणाऱ्या नाटकांच्या वाचनातून आली, असं सरसकट सांगितलं जातं. ते वाचन झालंच होतं. पण खरं वळण मिळालं ते एका थांबवलेल्या नाटकामुळे.

१६ डिसेंबर १९७२ला भरत नाट्य मंदिरात 'प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन' या संस्थेने विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग केला. नाना फडणवीस आणि पुण्यातले ब्राह्मण यांच्या चित्रणावरून पुढे झालेला वाद सर्वांना ठाऊक आहे. १९ प्रयोगांनंतर संस्थेच्या ज्येष्ठांनी नाटक बंद केलं. शहरात भावना भडकतील ही त्यांची भीती निराधार नव्हती. तरीही चालतं नाटक घरच्यांनीच उतरवावं, हे आजही पटत नाही. तरुण मंडळी बाहेर पडली आणि १९७३च्या मार्चमध्ये त्यांनी 'थिएटर अकॅडमी' ही स्वतःची संस्था काढली. या फुटीची चर्चा कायम जात आणि इतिहास या दोनच अंगांनी होते. तालमीच्या जागेपासून प्रयोगाच्या तारखेपर्यंत सगळं नव्याने जमवावं लागलं, पण कुठलं नाटक करायचं हे आता तीच मुलं ठरवणार होती, याकडे फारसं कुणी पाहत नाही.

सतीश आळेकरांचं १९७४चं 'महानिर्वाण' याच मोकळिकीतलं. मेलेले भाऊराव स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतात आणि जुन्या स्मशानातच जाळा म्हणून हटून बसतात. चाळ माणसांनी भरलेली, आणि हा गृहस्थ मेल्यावरही ताटकळलेला. त्यांच्याच १९७९च्या 'बेगम बर्वे'त तर जीव कासावीस होतो. संगीत नाटकांत किरकोळ स्त्रीभूमिका केलेले बर्वे आता उदबत्त्या विकतात. दोन कारकुनांच्या स्वप्नात ते ऑफिसातल्या नलावडेबाई होतात, संसार मांडला जातो, डोहाळे लागतात. सोबतीला नाट्यपदं असतातच. हा एकटेपणा गर्दीत आणि गाण्यात वाढलेला आहे. त्याला नुसतं परदेशी लेबल चिकटवणं अन्यायाचं आहे.

पुढे शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागा आल्या, प्रेक्षक नटाच्या अगदी जवळ बसू लागला. कॉलेजांच्या एकांकिकांत भाड्याची खोली आणि मोबाइल आला. २०२०च्या टाळेबंदीनंतर एका नटावर पेलणारे प्रयोग अधिकच जवळचे वाटू लागले. त्यांत पुष्कळ प्रामाणिक काम आहे. मात्र शेजारीपाजारी, कारकून, टाळकरी ही भोवतालची माणसं त्यांतून गळत चालली आहेत, आणि भाऊरावांचं एकटेपण अंगावर येतं ते याच माणसांमुळे.