प्रथमजात (प्राचीन इस्राएल)

प्राचीन इस्राएली समाजात पहिल्या मुलाला असलेले विशेष स्थान. हिब्रू संज्ञा ‘बखोर’. वारसाहक्कासाठी पित्याचा पहिला पुत्र गणला जाई. परमेश्वराला वाहावयाचा प्रथमजात मात्र ‘पेटेर रेहेम’, म्हणजे आईचे गर्भाशय प्रथम उघडणारा होय. त्यामुळे दोन भार्या असलेल्या पुरुषाच्या घरी वाहावयाचे पुत्र दोन, पण वारसदार ज्येष्ठ एकच, असे होऊ शकत असे.

बायबलमधील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या २१:१५–१७ नुसार नावडत्या स्त्रीचा मुलगा जरी ज्येष्ठ असला, तरी त्यालाच ‘पी श्नायिम’ (रूढ अर्थ ‘दुप्पट वाटा’) द्यावे लागे. जखऱ्या १३:८ मध्ये हाच शब्दप्रयोग ‘दोन तृतीयांश’ या अर्थी आल्याने काही अभ्यासक येथेही तोच अर्थ घेतात. भाऊ दोनच असल्यास दोन्ही अर्थांनी वाटणी सारखीच होते, तिसरा भाऊ असला की फरक पडतो. नूझी या प्राचीन मेसोपोटेमियन नगरातील करारपत्रे व मध्य-ॲसिरियन कायदे यांत ज्येष्ठाला दोन वाटे मिळतात. म्हणून ‘दुप्पट वाटा’ हा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो.

अर्पणाचे मूळ विवाद्य आहे. ‘तुझ्या पुत्रांपैकी प्रथमजन्मलेला मला दे’ असे निर्गम २२:२९ मध्ये म्हटले असून तेथे पुत्राला सोडवून घेण्यासाठी द्यावयाच्या खंडणीचा उल्लेख नाही. निर्गम १३:१३ व ३४:२० मध्ये मात्र पुत्राला सोडवून घेण्याची स्पष्ट आज्ञा आहे. पहिले वचन ज्या नियमसंहितेत येते ती सामान्यतः प्राचीनतर मानली जाते, त्यामुळे आरंभी प्रत्यक्ष बालबळी दिला जात असावा, असा तर्क केला गेला. यहेज्केल २०:२५–२६ व मीखा ६:७ ही वचने त्याच्या पुष्ट्यर्थ दिली जातात. बायबलमध्ये मुलांच्या बळीसंदर्भात ‘मोलख’ हा शब्द येतो. जर्मन अभ्यासक ओटो आइसफेल्ट यांनी १९३५ मध्ये प्यूनिक (कार्थेजच्या भाषेतील) शिलालेखांच्या आधारे ते देवतेचे नाव नसून एका बलिप्रकाराची संज्ञा असल्याचे मांडले. लेवीय २०:५ मधील ‘मोलखाच्या मागे व्यभिचार’ ही भाषा मात्र देवतेलाच अधिक जुळते. जेरुसलेमजवळील हिन्नोमच्या खोऱ्यातील बळींचा यिर्मया संदेष्ट्याने (७:३१) केलेला धिक्कार पाहता, निदान राजेशाहीच्या उत्तरकाळात काही लोक मुलांचे बळी देत होते यात फारशी शंका नाही. परंतु तेथे मुलगे व मुली दोन्ही उल्लेखिलेले असल्याने त्या प्रथेला प्रथमजातांच्या नियमाशी एकरूप मानणे सयुक्तिक नाही.

खंडणी एक महिन्याच्या वयापासून पाच शेकेल (वजनाचे एक माप) चांदी होती (गणना १८:१६). शेकेल सुमारे ११ ग्रॅमचा धरल्यास ही चांदी ५५ ग्रॅमच्या आसपास भरते. गणना ३ मध्ये २२,२७३ प्रथमजातांच्या जागी २२,००० लेवी (उपासनास्थानाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातील पुरुष) घेतले असून उरलेल्या २७३ जणांचे १,३६५ शेकेल भरले आहेत.

कथांमध्ये मात्र ज्येष्ठाला वारंवार बाजूला सारले जाते. एसाव मसुरीच्या वरणासाठी आपला हक्क धाकट्या भावाला, याकोबाला विकतो, याकोबाचा ज्येष्ठ पुत्र रऊबेन तो गमावतो आणि याकोब हात अदलाबदल करून धाकट्या नातवाला, एफ्राईमला थोरल्या मनश्शेच्या पुढे ठेवतो. इस्राएल हा ‘माझा ज्येष्ठ पुत्र’ असे परमेश्वर म्हणतो (निर्गम ४:२२), तेव्हा याच कौटुंबिक संज्ञेने सबंध राष्ट्राचा उल्लेख होतो.