गुदमलाशयाच्या जन्मजात विकृती व त्यांची शस्त्रचिकित्सा

गर्भावस्थेत मलाशय आणि गुदद्वार यांची घडण अर्धवट राहिल्याने होणाऱ्या विकृतींचा हा गट आहे. सुमारे ५,००० जन्मांमागे एका बाळात अशी विकृती आढळते. मुलग्यांत प्रमाण किंचित जास्त असते. ‘बाळाला शीची जागाच नाही’ असे सहज म्हटले जाते, पण ते निम्मेच खरे आहे. मलाशय नुसते बंद होऊन थांबले आहे असे क्वचितच दिसते. बहुधा ते एका अरुंद वाटेने, म्हणजे फिस्टुलाने, भलत्याच ठिकाणी उघडलेले असते. ते ठिकाण कोणते, यावर पुढचे बरेच काही ठरते.

गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत आतडे व मूत्रजननमार्ग एकाच पोकळीत संपतात. तिला अवस्कर म्हणतात. पुढे तिची विभागणी होऊन पुढचा मूत्रजननमार्ग आणि मागचे मलाशय वेगळे होतात. ही विभागणी बिनसली की विकृती उद्भवते. बहुतेक बाळांत त्याचे एकच एक कारण सापडत नाही.

मुलग्यांत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात मलाशय मूत्रमार्गात उघडते. क्वचित ते त्याहून वर, मूत्राशयाच्या मानेशी उघडते. सर्वांत सौम्य प्रकारात फिस्टुला गुदद्वाराच्या नेहमीच्या जागेच्या थोडा पुढे, त्वचेवरच असतो. मुलींत तो बहुधा योनिमुखाच्या लगत, पण योनीच्या बाहेर असतो. ही जागा नीट न पाहिल्याने ‘मलाशय योनीत उघडते’ असे निदान पूर्वी सर्रास लिहिले जाई. खरोखर तसे असणे फार दुर्मीळ आहे. मूत्रमार्ग, योनी व मलाशय तिन्ही मिळून एकच छिद्र असेल, तर अवस्कर तसाच राहिलेला असतो. मुलींमधली ही सर्वांत गुंतागुंतीची अवस्था होय. फिस्टुला मुळीच नसलेली बाळे थोडी असतात आणि त्यांत डाऊन सिंड्रोम असलेल्यांचे प्रमाण लक्षणीय असते.

जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी शस्त्रवैद्याला दोन गोष्टी ठरवायच्या असतात : जिवावर बेतेल असा दुसरा दोष आहे का, आणि आधी कोलोस्टॉमी (शी बाहेर पडण्यासाठी पोटावर आतड्याचे तोंड उघडणे) करायची की थेट दुरुस्ती. या बाळांत मणके, हृदय, अन्ननलिका, मूत्रपिंडे व हातपाय यांचेही दोष वारंवार आढळतात. त्या समूहाला ‘व्हॅक्टर्ल’ म्हणतात. म्हणून अन्ननलिका मोकळी आहे का हे नळी घालून पाहतात, हृदयाची, मूत्रपिंडांची आणि मेरुरज्जूची सोनोग्राफी करतात. अवस्कर असलेल्या मुलीत योनीत पाणी साचून मूत्रवाहिन्या दाबल्या गेल्या असतील, तर त्याचा निचरा आधी करावा लागतो.

दुसऱ्या निर्णयासाठी मात्र घाई नडते. पहिली काळपट शी फिस्टुलातून बाहेर ढकलली जाण्याइतका दाब आतड्यात तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून १६ ते २४ तास थांबतात. त्वचेवर शीचा ठिपका दिसला तर विकृती खालची, म्हणजे मलाशय त्वचेजवळ पोचलेले. लघवीतून शी आली तर मूत्रमार्गाशी जोड आहे हे उघड झाले. काहीच कळले नाही तर बाळाला पालथे, कुल्ले उंचावून झोपवून बाजूने क्ष-किरण चित्र काढतात आणि आतड्यातली हवा त्वचेपासून किती दूर आहे ते मोजतात. वांगेनस्टीन व राइस यांनी १९३० मध्ये यासाठी बाळाला उलटे धरून चित्र काढण्याची पद्धत मांडली होती. पालथे झोपवण्याने तेच काम बाळाला कमी त्रास देऊन होते.

उपचारांचा इतिहास जुना आहे. सातव्या शतकात एजिनाच्या पॉलने आडवा पडदा बोटाने वा सुरीच्या टोकाने फोडायला सांगितले होते. पडदाच आड असेल तिथे हे चालले असेल, एरवी नाही. १७१० मध्ये लित्र याने पोटावर आतडे उघडण्याची कल्पना मांडली; १७९३ मध्ये द्यूरे याने ती अशा बाळावर यशस्वी केली. १८३५ मध्ये आम्यूसा याने मलाशय खाली आणून त्याची कड त्वचेला शिवली. विसाव्या शतकात डग्लस स्टीफन्स याने मलाशयाला मागून वेढणाऱ्या प्युबोरेक्टॅलिस स्नायूला शौचाच्या नियंत्रणाचा आधार मानून त्रिकास्थीच्या, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेल्या हाडाच्या, बाजूने शस्त्रक्रिया केली. या साऱ्यांत स्नायूंमधली वाट बरीचशी अंदाजाने काढली जाई. १९८० मध्ये मेक्सिको सिटीत आल्बेर्तो पेन्या याने मागून बरोबर मध्यरेषेवर छेद घेऊन सगळा स्नायूसमूह उघडून पाहिला. पुस्तकांत रेखाटलेला तो वेगळा स्नायूपट्टा तिथे नव्हता. होता तो वरपासून त्वचेपर्यंत सलग उतरणारा, नरसाळ्यासारखा स्नायूसमूह. १९८२ मध्ये ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरच आजची पद्धत उभी आहे.

मूत्रमार्गाशी जोड असेल तर सहसा तीन टप्पे होतात. आधी डाव्या बाजूला, दोन्ही टोके वेगळी करून कोलोस्टॉमी. नंतर खालच्या टोकातून क्ष-किरणांत दिसणारे औषध दाबाने सोडून चित्र. फिस्टुला नेमका कुठे आहे हे दाखवणारी ही तपासणी टाळून केलेली दुरुस्ती म्हणजे मूत्रमार्गाशी खेळ. मुख्य शस्त्रक्रियेत बाळाला पालथे ठेवून विजेच्या सौम्य उद्दीपकाने स्नायू आकुंचन पावतात ती जागा शोधतात. मज्जातंतू मध्यरेषा ओलांडत नाहीत, त्यामुळे छेद मधोमध राहिला तर ते वाचतात. मलाशय आणि मूत्रमार्ग यांची सामाईक भिंत अलग करणे हा सर्वांत नाजूक भाग. मूत्राशयाच्या मानेशी उघडणाऱ्या विकृतीत पोटातून, बहुधा दुर्बिणीने, मलाशय सोडवावे लागते. ही दुर्बिणीची पद्धत जॉर्जसन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडली. नवे गुदद्वार आकसू नये म्हणून साधारण दोन आठवड्यांनी ते धातूच्या सळयांनी रुंदावायला सुरुवात करतात, आणि घरी हे काम आईवडिलांना शिकवले जाते. सर्वच बाळांना त्याची गरज आहे का, यावर अलीकडे मतभेद आहेत. शेवटी कोलोस्टॉमी बंद होते. नव्या गुदद्वाराभोवतीच्या त्वचेला शीचा स्पर्श कधीच झालेला नसल्याने त्यानंतर पुरळ बरेच तीव्र उठते. याची कल्पना पालकांना आधी द्यायला हवी.

गुदद्वार देखणे झाले म्हणजे शौचावर ताबा आला असे नाही. स्नायू, त्रिकास्थी आणि मेरुरज्जू जन्मतःच जितके असतात तितकेच. शस्त्रक्रिया त्यांची भर घालत नाही. पेन्या यांच्या रुग्णांत सुमारे तीन चतुर्थांश मुलांना तीन वर्षांनंतर आपणहून शौच होई, पण त्यांतल्या निम्म्यांचे कपडे अधूनमधून खराब होत. खालच्या विकृतींत निकाल उत्तम असतात. त्रिकास्थी खुरटी असेल तर आशा कमी.

सर्वांत जास्त आढळणारा त्रास मात्र बद्धकोष्ठाचा, आणि तोही सौम्य विकृतींतच अधिक. दुर्लक्ष झाले तर आतडे फुगते, मळ साचतो आणि त्याच्या कडेने पातळ शी झिरपू लागते. या मुलाचा ताबा गेलेला नसतो. रेचकाची मात्रा योग्य झाली की तो परत दिसतो. खरोखर ताबा नसलेल्या मुलाला तेच रेचक दिले तर अवस्था बिघडते. त्याला रोज एकदा एनिमा देऊन मोठे आतडे रिकामे करतात, म्हणजे पुढचे चोवीस तास चड्डी स्वच्छ राहते. एनिमाचे प्रमाण ठरवायला साधारण आठवडाभर रोज पोटाचे क्ष-किरण चित्र पाहून फेरफार करतात. शस्त्रक्रियेत मलाशय गमावलेल्या मुलांचे आतडे उलट फार वेगाने चालते; त्यांना आहार व शौच घट्ट करणारी औषधे लागतात. मूल मोठे झाले की खालून एनिमा घेणे त्याला नकोसे वाटते. मॅलोन याने १९९० मध्ये यावर उपाय दिला : अपेंडिक्सचे टोक पोटाच्या त्वचेवर आणून तिथून एनिमा सोडायचा, शौचकुपावर बसल्या बसल्या, स्वतःच्या हाताने.

हर्शस्प्रुंगच्या विकारातही बाळाला शी होत नाही, पण तिथे गुदद्वार जागेवर असते. दोष आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंच्या पेशींच्या अभावाचा असतो आणि शस्त्रक्रियाही निराळी. अवस्कराची दुरुस्ती झालेल्या मुलींना पुढे पाळी येताना अडथळा नाही ना हे पाहावे लागते, आणि त्यांची प्रसूती सहसा सिझेरियननेच करतात.