व्हे की केसीन: प्रथिनं एकाच दुधातली, स्मूदीत स्वभाव दोन

प्रोटीन पावडरच्या डब्यावर 'दुधापासून बनवलेली' एवढं वाचून पुष्कळ जण व्हे आणि केसीन एकच धरतात. एक डबा संपला की हाताला लागेल तो दुसरा आणतात, कृती जुनीच ठेवतात, आणि ग्लासात कधी खळीसारखं चिकट काहीतरी येतं, तर कधी कणीदार पाणी. मग बोल लावला जातो फळाला किंवा मिक्सरला.

गाईच्या दुधातल्या प्रथिनांत सुमारे ८० टक्के केसीन असतं आणि २० टक्के व्हे. दूध फाटलं की ज्या पांढऱ्या गाठी बनतात त्या मुख्यतः केसीनच्या. उरलेल्या हिरवट निवळीत विरघळून राहतं ते व्हे. पण म्हणून घरी फाडलेल्या दुधाचं पाणी स्मूदीत घालून व्हे पावडरचं काम भागत नाही. १०० मिलिलिटर निवळीत प्रथिन जेमतेम एक ग्रॅम, आणि दूध उकळलेलं असेल तर व्हेचा बराचसा भाग आधीच केसीनला चिकटून गेलेला असतो.

स्मूदीच्या दृष्टीने खरा फरक आंबटपणात आहे. केसीन दुधात अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगतं. या गोळ्यांवर ऋण विद्युतभार असल्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलतात. दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), ६.७ च्या आसपास असतो, तो ४.६ कडे उतरला की हा भार नाहीसा होतो आणि गोळ्या एकमेकींना चिकटतात. संत्रं, अननस, स्ट्रॉबेरी यांचा पीएच साधारण ३ ते ४ असतो, म्हणजे केसीन फाटायला हवा त्याहून जास्तच आंबटपणा. केळ्याचा ५ च्या जवळपास, म्हणून केळं आणि केसीन यांचं जमतं. व्हे मात्र आंबटातही विरघळलेलंच राहतं. त्याला सोसत नाही ती उष्णता: ७० अंश सेल्सिअसच्या वर त्याची घडी उलगडते आणि गुठळ्या होतात. केसीनचं उलटं आहे, उकळीलाही ते बधत नाही.

इथे एक चूक हमखास होते. पावडर व्हेचीच असते, पण पातळ करायला दूध घेतलेलं असतं आणि फळ आंबट असतं. मग दुधातलं केसीन फाटतं आणि नाव व्हेचं खराब होतं. आंबट फळ असेल तर पाणी घ्या, नाहीतर दही. दह्यातलं केसीन आधीच आंबट होऊन जमलेलं असतं, त्यामुळे फळाच्या आंबटपणाने ते नव्याने फाटत नाही.

व्हेची स्मूदी अशी करा: भांड्यात २०० मिलिलिटर गार पाणी, अर्धं केळं आणि १५० ग्रॅम गोठवलेली स्ट्रॉबेरी घेऊन ४५ सेकंद फिरवा. फळ पूर्ण एकजीव झाल्यावरच ३० ग्रॅम पावडर घाला आणि सर्वांत कमी वेगावर फक्त १० सेकंद फिरवा. पावडर शेवटी घालायचं कारण फेस. जोरात फिरवताना आत शिरलेल्या हवेच्या बुडबुड्यांभोवती व्हे पातळ पडदा धरतं आणि अर्धा ग्लास नुसत्या फेसाने भरतो. आयसोलेट प्रकारात, म्हणजे ९० टक्क्यांच्या आसपास प्रथिन असलेल्या पावडरीत, स्निग्धांश जवळजवळ नसल्याने फेस आणखी होतो. शेंगदाण्याचं बटर चमचाभर घातलं तर तो कमी राहतो. झालाच असेल तर ग्लास दहा मिनिटं तसाच ठेवा. पुन्हा फिरवलंत तर वाढेल.

केसीनला हीच कृती लावली तर फजिती ठरलेली. ते पाणी सावकाश आणि भरपूर शोषतं. गार द्रवात एकदम टाकलं तर कणांचा बाहेरचा थर ओला होऊन चिकट बनतो आणि आत कोरडं पीठ अडकून राहतं. म्हणून आधी ३० ग्रॅम पावडर ३०० मिलिलिटर दुधात फेटून घ्या, दूध फ्रिजमधलं नको, खोलीच्या तापमानाचं हवं, आणि दहा मिनिटं थांबा. नंतर एक गोठवलेलं केळं घालून ३० सेकंद फिरवा. घट्ट वाटलं तर ५० मिलिलिटर दूध वाढवा. पण लगेच पिणार नसाल तर आधीच थोडी पातळ ठेवा, कारण फ्रिजमध्ये ती तासाभरात चमच्याने खाण्याइतकी आळते. व्हेची स्मूदी ठेवल्यावर नुसते थर वेगळे होतात, हलवली की पुन्हा एक होते.

मात्रा मोजताना डब्यातल्या मापावर विसंबू नका. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं, आणि पावडर दाबून भरली की वजन वाढतं. छोटा वजनकाटा वापरा. घटकांच्या यादीत 'मायसेलर केसीन' लिहिलं असेल तर वरची कृती लागू होते. 'कॅल्शियम केसिनेट' असेल तर ते लवकर मिसळतं, पण आंबटाशी त्याचंही जमत नाही.

ताजा अननस, किवी आणि कच्ची पपई यांच्यापुढे दोन्ही पावडरी सारख्याच हरतात. या फळांतली एन्झाइम प्रथिनं तोडतात आणि स्मूदी ठेवली की कडू होत जाते. फळ गोठवल्याने एन्झाइम मरत नाहीत. फोडी काही मिनिटं उकळून गार करून घाला, डबाबंद फळ वापरा, किंवा केल्याबरोबर पिऊन टाका.

राहता राहिलं पचन. व्हे लवकर पचतं, केसीन पोटातल्या आम्लात गोठून हळूहळू; १९९७ साली फ्रेंच संशोधकांनी हे मोजून दाखवलं. त्यावरून व्यायामानंतर व्हे आणि झोपण्यापूर्वी केसीन अशी वाटणी रूढ झाली. ती पाळायला हरकत नाही, पण दिवसभराचं एकूण प्रथिनच अपुरं असेल तर या वेळापत्रकाने फारसं काही साधत नाही. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, सोसत नसेल तर व्हे आयसोलेट बहुधा चालतं, कारण त्यात लॅक्टोज अगदी थोडं उरतं. दुधाच्या प्रथिनांचीच ॲलर्जी असेल तर मात्र दोन्ही वर्ज्य. तिथे वाटाण्याची किंवा सोयाची पावडर बघावी लागते, आणि तिची कृती पुन्हा निराळी.