थकीत वेतनाचा दावा

मालकाने अडकवलेला पगार, न दिलेला ओव्हरटाइम किंवा बेकायदा कापलेली रक्कम वसूल करण्यासाठी भारतातील कर्मचाऱ्याने करायचा अर्ज. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो वेतन संहिता, २०१९ नुसार करतात. त्याआधी १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम आणि १९४८ चा किमान वेतन अधिनियम होते. मुंबईच्या गिरण्यांत खराब निघालेले कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून कापत. १९३६ च्या कायद्यामागे अशा कपातींच्या तक्रारी होत्या.

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळायला हवा, रोजंदारी पाळी संपताच. राजीनामा दिला किंवा कामावरून काढले, तर दोन कामकाजी दिवसांत. ‘फुल अँड फायनल (नोकरी सुटल्यावरचा अखेरचा हिशेब) ४५ दिवसांनी’ हे कंपन्यांचे ठरलेले उत्तर पगारापुरते तरी कायद्यात बसत नाही.

खरी ओढाताण ओव्हरटाइमवर होते. त्याचा दर नेहमीच्या वेतनाच्या किमान दुप्पट. समजा, वेतन २०,८०० रुपये आहे. २६ दिवसांनी भागले की रोज ८०० आणि आठ तासांच्या पाळीत तासाला १००. म्हणजे जादा तासाचे २०० रुपये. पुष्कळ ठिकाणी ‘सिंगल ओटी’, म्हणजे नेहमीच्याच दराने ओव्हरटाइम देऊन बोळवण होते, आणि उरलेल्या निम्म्या पैशांवरही दावा लागतो. कोविडकाळात गुजरात सरकारने कारखान्यांना या दुपटीतून सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती रद्द केली.

अर्ज तीन वर्षांच्या आत, कामगार स्वतः, त्याची युनियन किंवा निरीक्षक करू शकतो. असे दावे ऐकणाऱ्या सरकारी प्राधिकाऱ्याला थकबाकीशिवाय दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देववता येते. निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा, असे संहिता म्हणते. यातला ‘प्रयत्न’ लक्षात ठेवलेला बरा. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. मात्र जादा तास भरले याचा पुरावा कामगाराजवळ असलेला चांगला, कारण हजेरीचे मस्टर मालकाच्या कपाटात असते. गेटपास, पाळीचा तक्ता, सुपरवायझरने ‘आज थांबा’ म्हणून पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज अशा वेळी उपयोगी पडतात.

कंत्राटदार पळाला, तर त्याच्या माणसांचा पगार मूळ मालकाला, म्हणजे ज्याने कंत्राट दिले त्याला, द्यावा लागतो. कंपनीच दिवाळखोरीत जाऊन अवसायनात (मालमत्ता विकून देणी फेडण्याच्या प्रक्रियेत) निघाली, तर त्याआधीच्या २४ महिन्यांची कामगार देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने फेडली जातात. कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांना १२ महिन्यांचीच देणी मिळतात, तीही कामगार आणि या बँकांच्या नंतर.