नक्कल नेमकी कोणाची? एस्करिटाच्या तबकड्यांची पार्श्वभूमी

कॅपिटॉल या बड्या अमेरिकी कंपनीने १९५८ साली एस्करिटा या गायक-पियानोवादकाच्या तबकड्या बाजारात आणल्या, तेव्हा त्याच्यावर रॉक अँड रोलचा गाजलेला गायक ‘लिटल रिचर्डची नक्कल’ असा शिक्का बसला आणि तो पुढे पुसला गेलाच नाही. आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात रिचर्डने रॉक अँड रोल सोडून धर्मकार्याला वाहून घेतले होते, आणि इथे तसाच उंच फुगवलेला केशसंभार, तसेच चीत्कार, पियानोवर तसेच तुटून पडणे. प्रत्यक्षात, निदान पियानोपुरते तरी, ऋण उलट्या बाजूचे होते.

एस्करिटाचे खरे नाव एस्क्यू रीडर; तो साउथ कॅरोलायनातील ग्रीनव्हिलचा. रिचर्डला तो भेटला जॉर्जियातील मेकनच्या बस स्थानकावर. मंतरलेला पाव विकणाऱ्या एका धर्मोपदेशिकेबरोबर तो त्या वेळी हिंडत होता. रिचर्ड त्याला घरी घेऊन गेला आणि एस्करिटाने पियानोच्या पार वरच्या पट्ट्यांवर ‘वन मिंट जूलेप’ वाजवायला घेतले. एवढे मोठे पंजे आपण कोणाचेच पाहिले नव्हते, असे रिचर्डने पुढे सांगितले. रिचर्डची १९५१ची आरसीए या कंपनीसाठीची गाणी ऐकून मग १९५५चे ‘टुटी फ्रुटी’ ऐकावे, म्हणजे मधल्या काळात त्याने काय आत्मसात केले ते कानांनाच कळते.

ग्रीनव्हिलचाच पॉल पीक हा रॉक अँड रोल गायक जीन व्हिन्सेंटच्या ‘ब्लू कॅप्स’ या वाद्यवृंदात होता आणि व्हिन्सेंट कॅपिटॉलचा गायक होता; या ओळखीतून एस्करिटाला कंपनीचे दार उघडले. ध्वनिमुद्रण झाले नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्री संगीताच्या राजधानीत. त्यातील ‘एस्करिटा अँड द वूला’ मला सर्वांत विलक्षण वाटते: शब्द जवळपास नाहीतच, ड्रमचा अखंड ठेका, त्याखाली दणकणारा पियानो आणि वर ऑपेरातल्यासारखा चढत जाणारा टाहो. १९५९ साली एलपीही निघाली, परंतु एकही तबकडी लोकप्रियतेच्या यादीत चढली नाही. रॉक अँड रोल सौम्य होऊ लागण्याच्या त्या काळात इतके बेभान गाणे कोणाला विकावे, हे कंपनीला उमगले नसावे.

पुढे न्यू ऑर्लिन्सच्या मिनिट कंपनीसाठी तो गायला. १९७० साली रिचर्डबरोबर त्याने ‘फ्रीडम ब्लूज’ लिहिले. १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये एड्सने त्याचा मृत्यू झाला. मेकनच्या त्या भेटीची हकिगत रिचर्डच्या चरित्रात छापून येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.